काळवत्री, मांजऱ्या आणि ज्वालामुखी : मनोर परिसरातील अग्निज खडकांची उत्पत्ती

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि पालघरहून वाड्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे वैतरणेच्या खोऱ्यात मनोर हे गाव वसलेले आहे. पालघरच्या बाजूस वाघोबाची खिंड व तिच्यावरचा काळदुर्ग, उत्तरेस महामार्गालगत अशेरीगड, वाड्याच्या वाटेवर कोहोज, असा हा सगळा मुलूख डोंगरांनी वेढलेला असून ते डोंगर एकाच कुळीच्या दगडाचे आहेत. दगड फोडणारा माणूस त्या दगडास ‘काळवत्री’ म्हणतो. भूशास्त्राचा विद्यार्थी त्यास ‘बेसाल्ट’ म्हणतो. शाळेत शिकलेला सामान्य वाचक ‘ज्वालामुखीपासून झालेला खडक’ असे त्याचे वर्णन करतो. तिन्ही नावे एकाच वस्तूची असली तरी ती ऐकणाऱ्याच्या मनात तीन निराळी चित्रे उभी करतात, आणि त्यांपैकी तिसरे चित्र या प्रदेशापुरते तरी बरेचसे फसवे आहे.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. नोव्हेंबर २०१८ पासून मनोरच्या उत्तरेस डहाणू व तलासरी तालुक्यांत लहानलहान भूकंपांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी बसलेल्या धक्क्याचे परिमाण ४ च्या वर गेले. भिंतींना तडे गेले आणि कित्येक कुटुंबांना थंडीच्या दिवसांत घराबाहेर रात्री काढाव्या लागल्या. याच जिल्ह्यात गरम पाण्याचे झरे आहेत, आणि याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूर येथे १९६९ साली कार्यान्वित झालेले अणुविद्युत् केंद्र आहे. खडक ज्वालामुखीचा, पाणी गरम आणि जमीन हादरते आहे, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे ‘खाली ज्वालामुखी जागा होत नसेल ना?’ हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक होय. त्याचे उत्तर द्यावयाचे तर हे खडक कसे झाले ते पाहिले पाहिजे, आणि त्याआधी त्यांची नावे कोठून आली तेही पाहणे उपयुक्त ठरेल.

१. नावांची उत्पत्ती

‘ज्वालामुखी’ हा शब्द मराठीत मूळचा पर्वतवाचक नाही. हिमाचल प्रदेशात कांगडा भागात ज्वालामुखी देवीचे प्रसिद्ध स्थान आहे. तेथे खडकाच्या फटींतून निघणारा नैसर्गिक वायू जळत असतो आणि त्या ज्योतींनाच देवीचे रूप मानले जाते. त्या स्थानी वितळलेल्या खडकाचा काही संबंध नाही. पाश्चात्त्य भूगोलविद्या भारतीय भाषांत आणताना मात्र धगधगणाऱ्या पर्वतासाठी हा तयार शब्द उचलण्यात आला. युरोपीय भाषांतील ‘व्होल्कॅनो’ या शब्दाची कथाही अशीच दैवताशी जोडलेली आहे. सिसिलीच्या उत्तरेस व्हल्कानो नावाचे बेट आहे. रोमन लोकांचा अग्निदेव व लोहार व्हल्कन याची भट्टी तेथे असल्याची समजूत होती, आणि त्या एका बेटाचे नाव पुढे अशा सर्व पर्वतांचे सामान्यनाम झाले.

‘अग्निज’ हे विशेषणही भाषांतरित आहे. इंग्रजीतील ‘इग्नियस’ हा शब्द लॅटिन ‘इग्निस’पासून आला, आणि ‘इग्निस’ व संस्कृत ‘अग्नि’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. म्हणजे या ठिकाणी भाषांतर होऊनही शब्द आपल्या कुळातच राहिला. परंतु त्याने सुचविलेला अर्थ दोन्हीकडे सारखाच अपुरा आहे. खडक वितळतो तेव्हा काहीही जळत नाही. ज्वलनास प्राणवायूशी संयोग व्हावा लागतो. येथे घडते ती केवळ घनाची द्रव होण्याची क्रिया, मेण वितळावे तशी. जे लाल दिसते ते तापमानामुळे.

वितळलेल्या खडकास जमिनीखाली असताना ‘शिलारस’ व पृष्ठावर आल्यावर ‘लाव्हा’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘लाव्हा’ हा शब्द नेपल्सच्या बोलीतून आला. पावसाने रस्त्यावरून एकाएकी लोटणारा पाण्याचा लोंढा असा त्याचा तेथील अर्थ होता, व व्हेसूव्हिअसच्या प्रवाहांना तो लावण्यात आला. ‘शिलारस’ हा शब्द मराठीत आधीपासून होता, परंतु औषधी व सुगंधी द्रव्यांच्या व्यवहारात. एका वृक्षाच्या सुवासिक चिकाचे ते नाव होय. मौज अशी की इंग्रजीतील ‘मॅग्मा’ हाही ग्रीकमधून आलेला शब्द मूळचा मळलेल्या लगद्याचा किंवा दाट मलमाचा वाचक असून तोही औषधिविद्येतूनच भूशास्त्रात शिरला. दोन भाषांतील हे शब्द परस्परांपासून स्वतंत्रपणे, पण एकाच प्रकारच्या दुकानातून भूशास्त्राकडे आले आहेत. दोहोंत अधिक यथार्थ कोणता, असे विचारल्यास ‘मळलेला लगदा’ हाच म्हणावा लागेल. कारण जमिनीखालचा शिलारस बहुधा निखळ रस नसतो. स्फटिक, द्रव आणि विरघळलेले वायू यांचे ते मिश्रण असते, आणि पुष्कळदा त्यात द्रवापेक्षा स्फटिकच अधिक असतात.

२. शिलारस कसा तयार होतो

पृथ्वीच्या पातळ कवचाखाली सर्वत्र वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे आणि भेग पडली की तो वर येतो, अशी कल्पना अनेकांच्या मनात असते. ती बरोबर नाही. कवचाखालील थरास ‘प्रावरण’ म्हणतात. भूकंपाच्या ज्या आडव्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्या प्रावरणातून आरपार जातात. यावरून प्रावरण घन आहे हे सिद्ध होते. ते अतिशय तप्त असते, पण वरच्या खडकांच्या भारामुळे त्याचा वितळणबिंदूही वाढलेला असतो. म्हणून ते वितळत नाही.

घन प्रावरणाचा रस होण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, दाब कमी होणे. तप्त प्रावरण संथपणे वर सरकू लागले की त्याची उष्णता फारशी घटत नाही, पण त्यावरील भार घटतो आणि त्याचा काही अंश वितळतो. दुसरा, पाण्याचा शिरकाव. मिठाने बर्फ लवकर वितळावे तद्वत् पाण्याच्या योगाने खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. जपान व अँडीज पर्वत येथील ज्वालामुखी या प्रकारचे आहेत. तिसरा, बाहेरून उष्णता मिळणे. वर आलेला तप्त रस कवचातील खडकांना तापवून वितळवितो तेव्हा हा प्रकार घडतो.

मनोरचा खडक पहिल्या मार्गाने उत्पन्न झालेल्या रसाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आजच्यापेक्षा बऱ्याच दक्षिणेस होता आणि उत्तरेकडे सरकत असताना तो प्रावरणातील एका अत्यंत तप्त ऊर्ध्वगामी भागावरून गेला. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली जो उष्ण स्रोत आज आहे तोच हा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. रियुनियनवरील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. मनोरपासून तो जवळजवळ पाच हजार किलोमीटर दूर आहे. खडक येथे आहे, पण ज्या चुलीवर तो वितळला ती चूल मागे राहिली आहे.

३. मुख नसलेला ज्वालामुखी

‘ज्वालामुखी’ म्हटल्यावर शंकूच्या आकाराचा डोंगर व त्याच्या माथ्यावरील मुख डोळ्यांपुढे येते. कोहोज किंवा अशेरी यांचे सुळके पाहून तेच जुने ज्वालामुखी असावेत, असा समज होणे शक्य आहे. प्रत्यक्षात ते सपाट लाव्हाथरांची चळत झिजून उरलेले अवशेष होत. पाऊस व नद्या यांनी सभोवतालचा खडक नेला आणि टणक भाग उभा राहिला. डोंगराचा आकार झिजेने दिला आहे, उद्गीरणाने नव्हे.

दख्खनचा लाव्हा मुख्यतः भेगांतून वर आला. बेसाल्टी रसात सिलिकेचे प्रमाण शेकडा ५० च्या आसपास असते. सिलिका कमी असल्यामुळे रस पातळ राहतो, त्यातील वायू सहज निसटतात व स्फोट न होता रस पसरत जातो. याउलट सिलिका शेकडा ७० च्या वर गेल्यास रस इतका दाट होतो की वायू आत कोंडतात आणि उद्रेक स्फोटक बनतो. अशा सिलिकायुक्त रसाचे रायोलाइट व त्याहून काहीसे कमी सिलिकेचे ट्रॅकाइट हे खडक मुंबईच्या मालाड-मनोरी किनाऱ्यावर सापडतात. दख्खनच्या एकंदर विस्तारात मात्र त्यांचा वाटा अल्प आहे. बेसाल्टाचे थर आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले असून महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांनी व्यापला आहे. गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्रीजवळ मिळणारे लाव्हाथरही रासायनिक घटनेवरून याच उद्गीरणाचे मानले जातात.

एकावर एक बसलेल्या या थरांमुळे डोंगरांच्या उतारांना पायऱ्यांचे रूप येते. टणक थराचा कडा व मऊ थराचा उतार आळीपाळीने दिसतात. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात. त्यावरून अशा खडकास ‘ट्रॅप’ हे नाव पडले, आणि कर्नल साइक्स याने १८३३ च्या सुमारास दख्खनच्या खडकांना ते लावले. ‘ज्वालामुखीजन्य’ या विशेषणापेक्षा हे परके नाव येथील डोंगरांचे अधिक खरे वर्णन करते, हे मान्य करावे लागते. त्यात उत्पत्तीविषयी काहीच गृहीत धरलेले नाही. जे दिसते तेवढेच सांगितले आहे.

ज्या भेगांतून रस वर आला त्या भेगाही अखेरीस रसानेच बुजल्या. अशा बुजलेल्या उभ्या भेगेस ‘भित्ती’ किंवा डाइक म्हणतात. ठाणे-पालघरच्या किनारपट्टीत मुख्यतः उत्तर-दक्षिण दिशेने गेलेल्या अशा भित्तींची दाट रांग आहे. जे. बी. ऑडन या भूवैज्ञानिकाने पश्चिम भारतातील भित्तींवर १९४९ साली विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. भोवतालच्या खडकापेक्षा भित्ती टणक असेल तर झीज होता होता ती गडगा घातल्यासारखी माळावर उभी राहते, आणि मऊ असेल तर तिच्या जागी ओहोळाची सरळ चर पडते. सर्वच भित्तींनी लाव्हा पृष्ठापर्यंत पोहोचविला असे नाही. काही वाटेतच थिजल्या, काही थर बसून गेल्यावर त्यांना छेदून घुसल्या. तथापि या प्रदेशात ‘ज्वालामुखीचे मुख’ शोधावयाचे असेल तर ते डोंगरमाथ्यावर न शोधता अशा अरुंद, लांब पट्ट्यांत शोधले पाहिजे.

४. निवण्याची गती आणि दगडाची जात

रस निवू लागला की त्यातील खनिजांचे स्फटिक ठराविक क्रमाने बनू लागतात. बेसाल्टी रसात प्रथम बहुधा ऑलिव्हीन, मग ऑजाइट व प्लॅजिओक्लेज आणि त्यांच्या जोडीने लोहयुक्त मॅग्नेटाइट, असा साधारण क्रम असतो. आधी बनलेले जड स्फटिक तळाशी बसले तर उरलेल्या रसाची घटना बदलते आणि एकाच रसापासून निरनिराळे खडक तयार होऊ शकतात. एन. एल. बोवेन याने प्रयोगांच्या आधारे हा सिद्धान्त मांडला व १९२८ च्या आपल्या ग्रंथात अग्निज खडकांची एकंदर मीमांसा त्यावर उभारली.

स्फटिकांचा आकार मात्र निवण्यास मिळालेल्या काळावर अवलंबून असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात याच प्रश्नावर मोठा वाद होता. बेसाल्ट हा समुद्रतळाशी साचलेला खडक आहे, असे व्हेर्नरचे अनुयायी म्हणत. हटनचा पक्ष तो वितळलेल्या स्थितीतून आला असे म्हणे. वितळलेला पदार्थ थिजला तर काच व्हावयास हवी, दगड कसा होईल, हा व्हेर्नरपक्षाचा आक्षेप होता. स्कॉटलंडमध्ये सर जेम्स हॉल याने १७९८ च्या सुमारास दगड भट्टीत वितळवून दाखविला. भराभर निवविला तेव्हा काच झाली. संथपणे निवविला तेव्हा पुन्हा दगडच हाती आला. काच व दगड यांत फरक आहे तो काळाचा, हे त्या प्रयोगाने स्पष्ट केले.

मनोर भागात हाच नियम दगडांच्या देशी नावांतून वाचता येतो. लाव्हाप्रवाहाच्या मधल्या भागात वायू निघून गेलेले असतात आणि निवणे एकसारखे होते. तेथे घट्ट, बारीक कणांचा, घण मारला असता खणखणणारा दगड मिळतो. हीच ‘काळवत्री’. पाटा, वरवंटा, जाते, मंदिराची जोती, रस्त्याची खडी या सर्वांस ती चालते. प्रवाहाच्या माथ्याकडे वायूंचे बुडबुडे वर जाता जाता अडकतात व खडक सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी फिरते आणि गारगोटी, कॅल्साइट व झिओलाइट ही पांढरी खनिजे त्यांत भरतात. अशा ठिपकेदार, तुलनेने मऊ दगडास ‘मांजऱ्या’ म्हणतात. (‘झिओलाइट’ म्हणजे उकळणारा दगड. तापविल्यावर तो फेसाळतो म्हणून क्रॉनस्टेट याने १७५६ साली हे नाव दिले.) दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. पहिला प्रवाह निवून त्यावर माती होण्याइतका काळ लोटला व मग दुसरा प्रवाह त्यावर आला, याची ती खूण होय.

भूमीखाली अधिक संथपणे निवलेल्या भित्तींतील दगडाचे कण बेसाल्टापेक्षा जाड असतात. त्यास डोलेराइट म्हणतात. त्याहून खोलवर, त्याहून संथ निवलेल्या त्याच घटनेच्या खडकास गॅब्रो म्हणतात. बेसाल्ट, डोलेराइट व गॅब्रो यांचा रस एक, वेळ निराळा. निवताना खडक आकसतो आणि त्यास तडे जातात. तडे नियमित पडले तर उभे बहुकोनी खांब बनतात. अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय.

विहीर खणणाऱ्याच्या दृष्टीने या भेदाला रोजचे महत्त्व आहे. अखंड काळवत्रीत पाणी मुरण्यास जागा नसते, ते असलेच तर तिच्या तड्यांत. झिजलेल्या मांजऱ्यात व मुरमात ते साठते. ‘काळा दगड लागला’ हे विहिरीवरचे वाक्य म्हणजे प्रवाहाचा माथा संपून त्याचा गाभा सुरू झाल्याची नोंदच असते.

५. उष्णता उरली आहे काय

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. खडकातून उष्णता अत्यंत मंद गतीने बाहेर पडते, आणि निवण्यास लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दसपट झाली तर काळ शंभरपट होतो. एक मीटर रुंदीची भित्ती काही दिवसांत घट्ट होते. दहा मीटरांच्या भित्तीस सुमारे एक वर्ष, शंभर मीटरांच्या जाडीस शतकाच्या आतबाहेर काळ लागतो. या हिशेबाने दहा किलोमीटर जाडीचा रसाचा साठा गृहीत धरला तरी तो दहा लाख वर्षांच्या आसपास थिजून जाईल. दख्खनच्या उद्गीरणास ६ कोटी ६० लाख वर्षे झाली आहेत. तो अंदाज दहापटीने चुकला असे मानले तरी निष्कर्षात फरक पडत नाही. त्या रसाची उष्णता आज उरलेली असणे शक्य नाही.

मग गरम पाण्याचे झरे कसे? मनोरच्या परिसरात हालोली व कोकनेर, दक्षिणेस सातिवली आणि तानसेच्या खोऱ्यात अकलोली, वज्रेश्वरी व गणेशपुरी येथे असे झरे आहेत. पृथ्वीच्या कवचात खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला सामान्यतः २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. येथे पाऊस भरपूर पडतो. पावसाचे पाणी भेगांतून दीडदोन किलोमीटर खोल उतरले तर तेथील खडकाच्या साध्या उष्णतेनेच ते चांगले कढत होते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. त्यासाठी शिलारस लागत नाही; खोल भेगा लागतात. त्या भेगा या किनारपट्टीत विपुल आहेत. सह्याद्रीत आडवे असलेले लाव्हाथर मुंबई-पनवेलच्या बाजूस पश्चिमेकडे कललेले आढळतात, आणि झऱ्यांची ओळही ढोबळ मानाने किनाऱ्यास समांतर जाते. खडक वाकताना व फुटताना झालेल्या जखमांमधूनच हे पाणी फिरत असते.

भूकंपांसंबंधीही तर्काची दिशा हीच आहे. शिलारस वर चढताना भूकंपमालिका होतात हे खरे, त्यामुळे शंका वाजवी होती. परंतु भूकंपमालिका दिसली की शिलारस असलाच पाहिजे, हे अनुमान मात्र निघत नाही. डहाणू-तलासरीच्या मालिकेची मीमांसा अभ्यासकांनी मुख्यतः जुन्या भेगांवरील ताण आणि त्यांत झिरपणारे पाणी यांच्या अनुरोधाने केली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर येथे झालेला विनाशकारी भूकंपही याच बेसाल्टाच्या प्रदेशात झाला, आणि त्याचा संबंध जलाशयाशी जोडण्यात आला, ज्वालामुखीशी नव्हे. भारताच्या हद्दीत जागृत ज्वालामुखी आहे तो अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर. दीर्घ शांततेनंतर १९९१ साली त्याचा पुन्हा उद्रेक झाला.

याचा अर्थ पालघरच्या रहिवाशांनी निश्चिंत असावे असा नव्हे. उलट, भय योग्य वस्तूचे असावे एवढाच त्याचा अर्थ. लाव्हा येईल या भीतीने गाव सोडण्याचा विचार करणाऱ्यास काहीच करता येण्यासारखे नसते. भिंत पडेल हे ज्यास समजले, त्यास भिंत नीट बांधता येते, छप्पर हलके ठेवता येते, तडा गेलेल्या घरास आधार देता येतो. एका शब्दाने निर्माण केलेले चित्र दूर झाले म्हणजे हा साधा, करता येण्याजोगा उपाय दिसू लागतो.

पारिभाषिक शब्द घडविणाऱ्यांस व शिकविणाऱ्यांस यातून एक गोष्ट लक्षात घेता येईल. ‘ज्वालामुखी’, ‘अग्निज’, ‘शिलारस’ हे शब्द आता रूढ झाले असून ते बदलण्याचे प्रयोजन नाही. परंतु वर्गात ते उच्चारताना त्यांच्या शेजारी ‘काळवत्री’ व ‘मांजऱ्या’ हेही शब्द ठेवले पाहिजेत. पहिल्या गटातील शब्द दूरदेशीच्या पर्वतांवरून व देवस्थानांवरून आले. दुसऱ्या गटातील शब्द घण मारून, विहीर खणून, दगडाचा आवाज ऐकून बनले आहेत. आणि एका लाव्हाप्रवाहाचा गाभा कोठे आहे व माथा कोठे, हे ते आजही बिनचूक सांगतात.